‘थ्रिलिंग’ आणि त्याचे सोयरे

शहरांतील एखाद्या सुशिक्षित घरीं रात्रीच्या जेवणाच्या वेळीं चाललेलें बोलणें जरा कान देऊन ऐकावें. थोरला मुलगा नुकताच चित्रपट पाहून आलेला असतो. चित्रपट मोठा थ्रिलिंग होता, असें तो सांगतो. धाकट्या बहिणीनें शाळेचा कबड्डीचा अंतिम सामना पाहिलेला असतो, तोहि थ्रिलिंगच. आत्याबाई प्रथमच विमानांत बसून आलेल्या. त्यांचा प्रवासहि थ्रिलिंग. इतक्यांत वडील वर्तमानपत्रांतील मजकूर वाचून दाखवितात कीं, कोठेंसें रात्रीं घराला आग लागली आणि तिसऱ्या मजल्यावरील माणसांना शिडी लावून खालीं उतरवावें लागलें. त्यावरहि कोणी तरी म्हणतें, “केवढें थ्रिलिंग!” अशा वेळीं, इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीबाईंनीं विचारावें, “अरे, थ्रिलिंग म्हणजे चांगलें कीं वाईट?” आणि पानावर बसलेल्या सर्वांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें.

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. चित्रपट, सामना, विमानप्रवास आणि आग ह्या चार गोष्टींना एकाच शब्दाच्या दावणीस बांधतां येतें, हें त्या शब्दाचें सामर्थ्य आहे कीं बोलणाराचा आळस आहे, ह्याचा उलगडा त्या प्रश्नांतूनच होतो. त्यासाठीं प्रथम शब्दाचें मूळ पाहिलें पाहिजे, मग त्याचें गणगोत, आणि शेवटीं तो कोणीं व कोणाविषयीं उच्चारावा ह्याचा विवेक.

जुन्या इंग्रजी भाषेंत ‘थिरेल’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ भोंक. ‘आरपार’ ह्या अर्थाचा ‘थ्रू’ हा शब्द इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षींच भेटतो; त्याच कुळांतला हा शब्द. थिरेलपासून जें क्रियापद बनलें, त्याचा अर्थ भोंक पाडणें, टोंचणें, आरपार जाणें. पुढें बोलण्याच्या ओघांत ‘र’ ह्या वर्णानें आपली जागा बदलली. मराठींत ‘नुकसान’ म्हणतांना पुष्कळांच्या तोंडून ‘नुसकान’ बाहेर पडतें, तसाच हा प्रकार. अशा रीतीनें थ्रिल हें रूप सिद्ध झालें. मूळ शब्द आज इंग्रजीच्या व्यवहारांतून गेला असला तरी एका ठिकाणीं तो अजून लपून बसलेला आहे. नाकपुडीला इंग्रजींत ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात. त्यांतील पूर्वार्ध नाक, आणि उत्तरार्ध हाच थिरेल! नाकाचें भोंक, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे नाकपुडी आणि थ्रिलर कादंबरी ह्या दोघी शब्दांच्या कुळांत चुलत बहिणी ठरतात.

आरंभीं बाण थ्रिल करी, भाला थ्रिल करी; शरीरांत घुसणाऱ्या शस्त्राचें तें काम होतें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शस्त्राच्या जागीं भावना आली. तथापि ती भावना सुखाचीच असावी, असा कांहीं नियम नव्हता. शेक्सपिअरची ज्यूलिएट झोंपेचें औषध घेण्यापूर्वीं भयाची थंड लहर आपल्या शिरांतून जात असल्याचें सांगते, तेथें हेंच क्रियापद आलेलें आहे. ‘मेझर फॉर मेझर’ ह्या नाटकांत मरणाला भ्यालेला क्लॉडिओ मेल्यानंतर आत्म्याच्या वांट्यास येणाऱ्या बर्फाळ प्रदेशाची कल्पना करतो, आणि त्या प्रदेशाला ‘थ्रिलिंग’ हें विशेषण लावतो. तेथें त्याचा अर्थ ‘मौजेचा’ असा कोणी केला तर अनर्थच होईल. हाडांत शिरणारी, कांपरें भरविणारी थंडी, असा तो अर्थ आहे. डॉक्टर लोकांनीं तर हा शब्द अजूनहि चांगल्यावाइटाच्या पलीकडे ठेवला आहे. हृदयाच्या कांहीं विकारांत छातीवर तळहात ठेवला असतां आंत सूक्ष्म कंप चाललेला हाताला लागतो. त्या कंपालाच वैद्यकांत थ्रिल म्हणतात. रोग्याच्या छातींत थ्रिल आहे असें डॉक्टरांनीं म्हटलें, तर घरच्यांनीं पेढे वांटावयाचे नसतात.

आतां ह्या शब्दाचे सोयरे पाहावे. कोशांत ते एका ओळींत उभे केलेले असतात, आणि त्यामुळें कोणताहि उचलला तरी चालेल असा विद्यार्थ्यांचा समज होतो. परंतु त्यांतील प्रत्येकाचें घर निराळें आहे, आणि बहुधा तें घर माणसाच्या शरीरांतच आहे.

सर्वांत मोठा गोतावळा हालचालीचा. ‘एक्साइटिंग’ हा शब्द लॅटिन भाषेंतून आला. बाहेर बोलावणें, चेतविणें, गति देणें हा त्याचा धात्वर्थ. म्हणूनच विद्युज्जनित्रांतील लोहचुंबकाला ज्या प्रवाहानें चेतना मिळते, त्या प्रवाहालाहि अभियंते हेंच नांव देतात. ‘स्टरिंग’ म्हणजे ढवळून काढणारें. ‘राउझिंग’ हा शिकाऱ्यांच्या बोलींतला. हाकारा करून झाडींतलें जनावर उठवावें, तसें मनाला उठविणारें. म्हणून सभेंतील भाषण किंवा संचलनगीत राउझिंग असतें. भुताची गोष्ट कधीं राउझिंग नसते. त्या शब्दाला मराठींत स्फूर्तिदायक म्हणावें.

‘इलेक्ट्रिफाइंग’ ह्या शब्दाचा इतिहास विशेष मौजेचा आहे. राळेसारख्या पिवळ्या तृणमण्याला ग्रीक भाषेंत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. तो घांसला असतां काडीकचरा ओढून घेतो, ह्या गुणावरून इंग्लंडांतील विल्यम गिल्बर्ट ह्यानें १६०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत त्या शक्तीला नांव दिलें. पुढें १७४५-४६ च्या सुमारास वीज सांठविण्याची लायडनची बरणी निघाली, आणि युरोपांत विजेचे खेळ करून दाखविण्याची लाट आली. १७४६ सालीं आबे नोले ह्या फ्रेंच धर्मोपदेशक शास्त्रज्ञानें पंधराव्या लुईच्या समक्ष १८० शिपायांना हातांत हात देऊन उभें केलें आणि त्या सांखळींतून बरणींतील वीज सोडली. सगळेच्या सगळे शिपाई एकदम उडाले! हें दृश्य डोळ्यांपुढें ठेवलें म्हणजे इलेक्ट्रिफाइंग हा शब्द कोठें शोभतो, हें निराळें सांगावें लागत नाहीं. एका गायकाची तान, एका वक्त्याचें वाक्य, एका खेळाडूची धांव, आणि त्यासरशी हजारों माणसें जणूं एकमेकांचे हात धरल्याप्रमाणें एकाच क्षणीं हादरतात. तेथें हा शब्द वापरावा. एकट्यानें खोलींत बसून वाचलेल्या पुस्तकाला तो तितकासा मानवत नाहीं.

पुस्तकाला शोभतो ‘ग्रिपिंग’. म्हणजे मुठींत धरून ठेवणारें. ‘ब्रेथटेकिंग’ म्हणजे श्वास हरपविणारें. हा शब्द बहुधा डोळ्यांनीं पाहावयाच्या गोष्टींसाठीं राखलेला असतो. हिमशिखरावरील पहाट ब्रेथटेकिंग असेल. पण ती ग्रिपिंग नव्हे. ‘सस्पेन्स’ ह्या शब्दाचा लॅटिन अर्थ टांगून ठेवणें असा आहे, आणि मराठी माणसाला तो शिकविण्याचें कारणच नाहीं. कारण मराठींतहि अशा वेळीं जीव टांगणीलाच लागतो. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक ह्यानें १९६२ सालच्या आपल्या मुलाखतींत ह्याचा भेद फार सोपा करून सांगितला. टेबलाखालीं बाँब आहे हें प्रेक्षकाला ठाऊक नसतांना तो फुटला, तर क्षणभर धक्का बसतो. तोच बाँब आधीं प्रेक्षकाला दाखविला आणि टेबलाभोंवतीं माणसें निवांत गप्पा मारीत राहिलीं, तर प्रेक्षकाचा जीव तितका वेळ टांगणीला लागतो. पहिलें आश्चर्य, दुसरी उत्कंठा. थ्रिल ही ह्या दोहोंहून निराळी, अंगांतून जाणारी लहर. ती दोहोंपैकीं कशांतूनहि उठूं शकते.

‘सेन्सेशनल’ हा ह्या गोतांतला जरा बदनाम सोयरा. १८६० च्या आसपास इंग्लंडांत विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’ सारख्या कादंबऱ्यांना सेन्सेशन कादंबऱ्या म्हणूं लागले. वाचकाच्या बुद्धीपेक्षां त्याच्या मज्जातंतूंना चाळविणारें लेखन, असा त्या नांवांत थोडा टोमणा होता, आणि तो अद्यापि पुसला गेला नाहीं. मराठींतील ‘सनसनाटी’ ह्या शब्दालाहि तोच वास येतो. म्हणून मित्राच्या पुस्तकाची प्रशंसा करतांना तो जपून वापरावा हें बरें.

राहिलें केंसांचें आणि कण्याचें घराणें. ‘हेअर-रेझिंग’ म्हणजे केंस उभे करणारें. ‘स्पाइन-चिलिंग’ म्हणजे कण्यांतून गारठा नेणारें. हे दोन्ही शब्द भयाचे. परंतु ‘स्पाइन-टिंगलिंग’ म्हणजे कण्यांत झिणझिण्या उठविणारें म्हटलें, कीं लगेच त्यांत सुखाची छटा येते. उत्तम संगीताला तें विशेषण चालतें. एका शब्दाच्या फरकानें भूत जाऊन गंधर्व येतो!

भय आणि सुख हीं इतकीं शेजारीं कां राहतात, ह्याचें उत्तर शरीरांत आहे. प्रत्येक केंसाच्या मुळाशीं एक इवलासा स्नायु असतो. तो मनुष्याच्या इच्छेच्या ताब्यांत नाहीं. थंडी वाजली, भय वाटलें किंवा चित्त एकाएकीं उचंबळून आलें, म्हणजे स्वयंचलित मज्जातंतूंच्या आज्ञेनें तो आखडतो, केंस ताठ उभा राहतो आणि अंगावर कांटा येतो. मांजर कुत्र्यासमोर अंग फुगवितें, तोच हा प्रकार. माणसाच्या अंगावरील लव विरळ असल्यामुळें त्याचा आतां उपयोग उरलेला नाहीं, संवय तेवढी राहिली आहे. मॉन्ट्रियल येथील ॲन ब्लड व रॉबर्ट झटोरे ह्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आवडतें संगीत ऐकतांना अंगावर शहारा येणाऱ्या माणसांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं होतीं. अन्नासारख्या सुखाच्या वेळीं मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच भाग त्या शहाऱ्याबरोबर जागे झालेले आढळले. कांटा एकच; तो भयानें आला कीं आनंदानें, हें त्वचेला सांगतां येत नाहीं.

पूर्वजांना ही गोष्ट प्रयोगशाळेवांचून ठाऊक होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांत स्तंभ, स्वेद, कंप, अश्रु ह्यांच्या पंक्तींत रोमांच बसलेला आहे, आणि तो कोणा एका रसाच्या मालकीचा नाहीं. भगवद्गीतेंत तर ह्याचा मोठा सुंदर दाखला आहे. पहिल्या अध्यायांत समोर आप्त उभे पाहून अर्जुनाचें अंग कांपूं लागतें, धनुष्य गळतें आणि त्याला रोमहर्ष होतो, तो विषादाचा. शेवटच्या अध्यायांत संजय हा सारा संवाद सांगून झाल्यावर त्याला अद्भुत आणि रोमहर्षण म्हणतो. तो रोमहर्ष आनंदाचा आणि विस्मयाचा. ग्रंथाच्या दोन टोंकांना एकच शब्द, आणि मध्यें सगळी गीता! भाषाशास्त्रज्ञ ह्याहून पुढचें सांगतात. संस्कृतांतील ‘हृष्’ ह्या धातूचा एक प्राचीन अर्थ केंस ताठ उभे राहणें असा आहे. लॅटिन भाषेंत त्याच मुळापासून ताठ उभें राहणें, शहारणें ह्या अर्थाचें क्रियापद झालें, आणि त्यापासून इंग्रजी ‘हॉरर’ हा शब्द आला. म्हणजे मराठी माणसाचा ‘हर्ष’ आणि इंग्रजाचा ‘हॉरर’ हे एकाच मुळाचे दोन फांटे. एका घरीं त्याचा आनंद झाला, दुसऱ्या घरीं भीति झाली.

व्याकरणाच्या बाजूनें दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुष्कळ चुका टळतात. थ्रिलिंग ती वस्तु, जी दुसऱ्याच्या अंगांत लहर उठविते. थ्रिल्ड तो मनुष्य, ज्याच्या अंगांत ती उठते. बक्षीस मिळालेला विद्यार्थी इंग्रजींत आपण थ्रिलिंग आहों असें लिहूं लागला, तर आपण स्वतःच एक चित्तथरारक प्रेक्षणीय वस्तु आहों, असें तो जगाला सांगत असतो. मराठींत ही चूक कोणी करीत नाहीं. प्रसंग रोमहर्षक असतो आणि प्रेक्षक रोमांचित होतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सामना, कथा किंवा पाठलाग ह्यांना लावलेल्या थ्रिलिंग ह्या विशेषणांत भयाचा अंश असूं शकतो. परंतु मनुष्य आजच्या इंग्रजींत स्वतःला थ्रिल्ड म्हणवितो, तेव्हां तो बहुधा निव्वळ आनंदच व्यक्त करीत असतो. भावाला मुलगा झाल्याचें ऐकून माणूस थ्रिल्ड होतो. दरड कोसळतांना थोडक्यांत बचावलेला प्रवासी आपण थ्रिल्ड झालों असें म्हणणार नाहीं. तसेंच, पुढें घडावयाच्या गोष्टीविषयीं जी अधीरता वाटते तिला एक्साइटेड हा शब्द अधिक जवळचा. हातीं आलेल्या सुखाला थ्रिल्ड.

येथें आजीबाईंच्या प्रश्नाचें खरें मर्म येतें. थ्रिलिंग हा शब्द प्रायः पाहणाराचा आहे, सोसणाराचा नव्हे. ह्याचें उत्तम उदाहरण १९८६ सालच्या सप्टेंबरांत मद्रास येथें, म्हणजे आजच्या चेन्नईंत, झालेला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना. शेवटच्या दिवशीं भारतापुढें ३४८ धावांचें आव्हान होतें. अखेरच्या षटकांत धावसंख्या समसमान झाली; एका टोंकाला रवि शास्त्री ४८ धावांवर नाबाद उभा होता; आणि त्या षटकाच्या पांचव्या चेंडूवर ग्रेग मॅथ्यूजनें मणिंदर सिंगला पायचीत केलें. १९६० च्या ब्रिस्बेन सामन्यानंतर अशा रीतीनें बरोबरींत सुटलेला हा दुसराच कसोटी सामना. प्रेक्षकांना हा सामना थ्रिलिंग होता, ह्यांत संशय नाहीं. परंतु ह्याच सामन्यांत डीन जोन्स ह्या ऑस्ट्रेलियन फलंदाजानें २१० धावा केल्या. आठ तासांहून अधिक काळ तो त्या उष्म्यांत खेळला. मैदानावर त्याला ओकाऱ्या झाल्या, पायांत पेटके आले, आणि डाव संपल्यावर त्याला रुग्णालयांत नेऊन शिरेंतून सलाईन द्यावें लागलें. त्याच्या त्या आठ तासांना थ्रिलिंग म्हणणें ही थट्टा होईल. त्यासाठीं इंग्रजींत ‘हॅरोइंग’ हा शब्द आहे. नांगरलेल्या जमिनींतील ढेंकळें फोडण्यासाठीं जें दांतेरी औत फिरवितात, त्याला हॅरो म्हणतात. तें काळजावरून फिरावें, असा त्या शब्दाचा भाव. थ्रिल टोंचून आरपार जाते. हॅरो फाडीत जातो. एका शब्दानें प्रेक्षक बोलतो, दुसऱ्यानें ज्यानें भोगलें तो.

एडमंड बर्क ह्या विचारवंतानें १७५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हेंच तत्त्व मांडलें आहे. संकट अगदीं अंगाशीं येऊन भिडलें म्हणजे तें केवळ भयंकर असतें. तें थोडें दूर असलें, तर त्यांतून एक प्रकारचा आनंदहि मिळतो. चित्रपटगृहांतील खुर्ची, मैदानाभोंवतालचें कुंपण, पुस्तकाचें पान ह्या सर्व वस्तु तें अंतर राखण्यासाठींच असतात. त्या अंतरावर बसून घेतलेल्या आनंदांत कांहींच पाप नाहीं. दोष घडतो तो दुसऱ्याच्या घराला लागलेल्या आगीलाहि आपल्या खुर्चीवरून तेंच विशेषण लावण्यांत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘थरारक अपघात’ हे शब्द वाचावयास मिळतात. ज्याचा मुलगा त्या मोटारींत होता, त्या बापानें तो मथळा वाचला तर त्याला काय वाटेल, एवढा विचार केला तरी लेखणी थांबेल. अपघात भीषण असतो, हृदयविदारक असतो. तो थरारक असतो केवळ त्याच्यासाठीं, ज्याचें त्यांत कोणीच नाहीं.

शब्दांची वाण आहे असें म्हणून मराठी माणसाला सुटतां येणार नाहीं. थरकांप भयाचा, थरार बहुधा भय आणि मौज ह्यांच्या सीमेवरचा, रोमांच दोहोंचा, शहारा थंडीपासून प्रेमापर्यंत सर्वांचा. उत्कंठावर्धक, स्फूर्तिदायक, श्वास रोखून धरावयास लावणारें, काळजाचा ठोका चुकविणारें, हीं सगळीं नाणीं चलनांत आहेत. ‘चित्तवेधक’ हा शब्द तर थ्रिलच्या मूळ अर्थाचा सख्खा भाऊ. कारण वेध म्हणजेच भोंक पाडणें, आणि कान टोंचण्याच्या संस्काराला कर्णवेध म्हणतात तो ह्याच अर्थानें. फरक इतकाच कीं, मराठींत चित्ताचा वेध झाला म्हणजे तें जागच्या जागीं खिळून राहतें, आणि इंग्रजींत तें थरारून उठतें.

म्हणून आजीबाईंना उत्तर द्यावयाचें तें असें. थ्रिलिंग हें चांगलेंहि नाहीं आणि वाईटहि नाहीं. कांहीं तरी टोंचून अंगांतून आरपार गेलें, एवढेंच तें सांगतें. काय गेलें, हें सांगण्याचें काम बोलणाराचें. चित्रपट उत्कंठा वाढविणारा होता. सामन्यानें शेवटच्या क्षणापर्यंत श्वास रोखून धरावयास लाविलें. विमान वर उठतांना आत्याबाईंच्या अंगावर शहारा आला. आणि ज्यांच्या घराला आग लागली, त्यांच्याविषयीं बोलतांना प्रथम एवढेंच विचारावें, कीं शिडीवरून उतरलेलीं माणसें सुखरूप आहेत ना?